पूर्ण मिनिट

"सर, एकशे एकतीस."

नववीची बेचाळीस पोरं एकेक करून उठत होती, आपला आकडा सांगत होती आणि मी तो तक्त्यात भरत होतो. बहात्तर, ऐंशी, चौऱ्याऐंशी, असं सुरळीत चाललं होतं. त्यात हा आकडा आला म्हणून मान वर केली, तर उज्ज्वला बंडगर उभी. किडकिडीत पोरगी, वेण्यांना लाल रिबिनी, आणि डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं अजून तशीच ठेवलेली.

पळत आलीस काय, असं मी विचारलं. नाही म्हणाली, प्रार्थनेपासून बसूनच आहे. मग मी तिला हिशेब शिकवला. पंधरा सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं, हे मी सांगितलं होतं की नाही? मग एकशे एकतीसला चारनं भाग जातो का? वर्ग हसला. गणितात सापडली म्हणून मलाही बरं वाटलं.

"मी पूर्ण मिनिट मोजलं, सर," ती म्हणाली. "पंधरा सेकंदांत मला भरवसा वाटत नाही."

परत मोज म्हटलं. तिनं मोजलं. एकशे एकोणतीस. शेवटी मीच तिला टेबलापाशी बोलावून मनगट धरलं. तेवढ्यात मागच्या बाकावर दोन कार्टी कंपासपेटीवरून जुंपली, मी तिकडं बघून ओरडलो, आणि चार-पाच सेकंदांत तिचा हात सोडून दिला. ठोका जलद होता. बोटांना लागला होता, ते मी नाकारत नाही. सरांनी हात धरलाय, पोरगी घाबरली असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि तक्त्यात लिहिलं शहात्तर. तिलाही सांगितलं, कार्डावर शहात्तर लिही. तिनं लिहिलं.

ही गोष्ट दोन हजार तीनच्या जुलैतली. कवठेमहांकाळकडच्या एका माध्यमिक शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवायचो. चौगुले सर म्हणजे शिट्टी, पांढरे बूट आणि मोठा आवाज. त्या वर्षी पुण्याला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आलो होतो आणि अंगात नुसती हवा भरली होती. पोरांना नुसतं कवायतीला उभं करायचं नाही, त्यांना त्यांचं शरीर कळलं पाहिजे, असं तिथं एका बाईंनी सांगितलं होतं. ते मला मनापासून पटलं होतं, खोटं कशाला बोलू. आल्या आल्या मी प्रत्येकाला एक कार्ड दिलं. सहाशे मीटर धावायला लागलेला वेळ, पोटाच्या उठाबशा, वाकून बोटं कुठवर पोचतात ते माप, आणि विश्रांतीचा ठोका. स्वतःचं स्वतः मोजायचं. अंगठ्याखाली बोटं कशी ठेवायची हे मी एकेकाच्या बाकापाशी जाऊन दाखवलं. पोरं खूश होती. एरवी कुणी धावायला उठवलं की ज्यांचं पोट दुखायचं, ती माझी वेळ किती आली म्हणून माझ्यामागं यायला लागली.

आता तक्त्याचं सांगतो. हा तक्ता दर सत्राला वर शिक्षण खात्याच्या कार्यालयात जायचा. आदल्या वर्षी मी एका मुलाचा ठोका एकशे बारा लिहिला होता, कारण तो तेवढा होता. त्या आकड्याभोवती लाल गोल मारून तक्ता परत आला. तिथल्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, सर, मुलगा आजारी आहे की तुमचा तक्ता? बाजूला बसलेले आमचेच दोन-तीन मास्तर हसले आणि बाहेर चहा पाजताना त्यांनी मला शहाणं केलं. धावण्याची वेळ घड्याळावर खरी लिहायची, ती कुणी तपासू शकतो. ठोका कोण तपासणार? साठ ते शंभरच्या आत बसवायचा. आम्ही त्याला खोटं लिहिणं म्हणतच नव्हतो. आकडा बसवणं म्हणायचो. मीही बसवायला लागलो आणि त्यानंतर माझा एकही तक्ता परत आला नाही.

उज्ज्वला काही वर्गातली पहिली धावपटू नव्हती. पण त्या कार्डाचं वेड तिच्याएवढं कुणीच घेतलं नाही. तिचा बाप बिरू बंडगर दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत छाटणी-फवारणीला जायचा, आई नव्हती. शाळा चार किलोमीटरवर, ती चालत यायची. जुलैत सहाशे मीटरला तिला दोन मिनिटं एकतीस सेकंद लागले, डिसेंबरात दोन चोवीस. मी पूर्ण वर्गासमोर तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. दर सोमवारी ती प्रार्थनेआधी पायरीवर बसून मनगट धरलेली दिसायची. दिवाळीनंतर एकदा तिनं मला विचारलं होतं की बसल्यावरही छातीत धडधडतं, असं असतं का? वाढीचं वय आहे, दूध पीत जा, म्हणून मी सांगितलं. दूध कुठून पिणार होती, देव जाणे.

कार्डावर तिचा आकडा दर महिन्याला व्यवस्थित यायचा. शहात्तर, ऐंशी, शहात्तर. शिकली एकदाची मोजायला, असं मला वाटलं.

फेब्रुवारीत सहाशे मीटर संपवून ती रेषेपलीकडं बसली ती उठलीच नाही. पडली-बिडली नाही, ओरडली नाही. नुसती बसली, ओठ जांभळट झाले आणि मला म्हणाली, सर, जरा थांबते. घड्याळात दोन मिनिटं बावन्न सेकंद होते. शाळेशेजारच्या जीपमध्ये घालून तिला गावातल्या दवाखान्यात नेलं आणि तिथून मिरजेला.

तिसऱ्या दिवशी मिरजेहून निरोप आला की शाळेतली काही नोंद असेल तर डॉक्टरांना बघायचीय. हेडमास्तरांनी दोन्ही सत्रांच्या तक्त्यांवर शिक्का मारला आणि मलाच घेऊन जा म्हणाले. आपल्या शाळेत अशी नोंद ठेवतात याचं त्यांना कौतुक वाटत होतं. मलाही वाटत होतं. एसटीत मी ती फाईल मांडीवर उभी धरून बसलो होतो, दुमडू नये म्हणून.

डॉक्टर मगदूम म्हणून बाई होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. बिरू बंडगर त्यांच्या समोरच्या खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभा होता. बाईंनी मला बसायला सांगितलं आणि त्याला कळावं म्हणून सावकाश बोलल्या. पोरीचं हृदय फुगलंय, त्याचा जोर गेलाय. ठोकाही एकशे तीसच्या वर आहे, झोपेतसुद्धा. आता प्रश्न एवढाच आहे की आधी काय झालं. आधी हृदयाचा जोर जाऊन ते भरून काढायला ठोका वाढला असेल, तर फारसं काही हातात नाही. गोळ्या द्यायच्या, घरी न्यायचं, जेवढे दिवस तेवढे दिवस. पण आधी ठोका बिघडला असेल आणि महिनोन्‌महिने तसं धावून धावून हृदय थकलं असेल, तर पुण्यात एक-दोन ठिकाणी तार घालून तो ठोका ताळ्यावर आणतात. मग थकलेलं हृदयही सावरतं. मात्र उगीच तिथं पाठवण्यात अर्थ नाही. या अवस्थेत तो प्रवास आणि ते काम तिला झेपेलच असं नाही.

मग त्यांनी तक्ता पुढं ओढला. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं.

"जुलै शहात्तर. सप्टेंबर ऐंशी. जानेवारी शहात्तर." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "हे ठोके तुम्ही स्वतः घेतलेत?"

"हो," मी म्हणालो.

मी विचार करून खोटं बोललो असतो तर निदान तसं म्हणता तरी आलं असतं. विचार केलाच नाही. त्या कागदावर माझी सही होती, शाळेचा शिक्का होता, आणि सहीबद्दल कुणी विचारलं की हो म्हणायची मला सवय होती. बाईंनी मान हलवली. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत ठोका ठीक होता, म्हणजे ठोका नंतर वाढलाय, असं त्या स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या आणि केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या. मग बिरूला सांगितलं की चारच्या फेरीला गोळ्या लिहून देते, उद्या सकाळी घरी न्या. तो विचारत राहिला, घरी म्हंजे बरी हून? बाईंनी केसपेपर बाजूला सारला. तो माझ्याकडं बघायला लागला, मी शिकलेला म्हणून. मी पेन खिशाला लावलं.

तेव्हा मला काय वाटलं असं नंतर एक-दोघांनी विचारलंय. काही वाटलं नाही. टेबलावर काचेखाली कसलंसं कॅलेंडर होतं, त्यातल्या तारखा मी वाचत होतो. एवढंच आठवतं.

निघण्याआधी पोरीला भेटून जावं म्हणून वॉर्डात गेलो. साडेतीनची गाडी पकडायची होती. ती उशीला टेकून बसली होती. नाकाशी नळी, हाताला सुई टोचलेली, आणि त्याच हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताची तीन बोटं. समोर भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडं नजर लावून. मला बघून तिनं ओठ हलवतच मान डोलावली, म्हणजे थांबा. मी थांबलो. काटा फिरून वर आला.

"एकशे चौतीस," ती म्हणाली. मग एकदम ओशाळून, "सर, माझी चुकते मोजणी."

तक्ता आणला होता का, डॉक्टरांनी बघितला का, असं तिनं विचारलं. बघितला म्हटलं. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. मग तिनं बापानं आणलेल्या पिशवीतून एक शंभर पानी वही काढली आणि पांघरुणावर ठेवली, पण हात वरून काढला नाही.

"परवा डॉक्टरबाई विचारत होत्या, कधीपासून धडधडतं," ती म्हणाली. "वही जवळच होती. पण दाखवली नाही मी, आठवत नाही म्हणाले. तुमच्या तक्त्याशी जुळत नाही ना. तुम्ही खोटे पडला असता."

मी वही घेतली. पानापानावर पट्टीनं आखलेल्या दोन रांगा होत्या. एका रांगेवर शाईनं लिहिलं होतं 'सरांचा', आणि खाली शहात्तर, ऐंशी, शहात्तर. शेजारच्या रांगेवर पेन्सिलीनं 'माझा'. एकशे एकतीस. एकशे एकोणतीस. एकशे सत्तावीस. एकशे तेहेतीस. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत दर सोमवार, सुट्टीतलेसुद्धा. एकाही आकड्यावर खाडाखोड नव्हती. एका ठिकाणी बारीक अक्षरात होतं, आज ताप नाही, पळाले नाही, तरी एकशे तीस. विचारू का सरांना. त्याच्या पुढच्या सोमवारी लिहिलं होतं, विचारलं, दूध पिणे.

वही घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसलो. साडेतीनची गाडी गेली असेल. लोक येत-जात होते, कुणी तरी माझ्या पायावरून बादली नेली. वही आत नेली की मी खोटा पडणार होतो, शाळेच्या शिक्क्यासकट. आणि नाही नेली तर उद्या सकाळी ती घरी जाणार होती. एवढं सोपं होतं, आणि तरी मी वीसएक मिनिटं तिथं बसून राहिलो. पोरगी चौदा वर्षांची होती आणि मला खोटं पडू देत नव्हती. लाज वाटायला हवी होती. आत नुसतं बधिर होतं, दात काढायच्या आधी हिरडीला सुई देतात तसं.

चारला पाच कमी असताना मी उठलो आणि डॉक्टरांच्या खोलीत जाऊन वही टेबलावर ठेवली. मुलीची वही आहे, एवढंच म्हणालो.

बाईंनी पहिलं पान बघितलं, मग दुसरं, मग खुर्ची पुढं ओढली. माझा तक्ता शेजारी लावला. पेन्सिलीच्या रांगेवरून बोट फिरवता फिरवता त्या थांबल्या.

"हे पूर्ण मिनिट मोजलेलं आहे," त्या म्हणाल्या. "एकशे एकतीस, एकशे सत्तावीस. पंधरा सेकंदांच्या हिशेबात हे आकडे येतच नाहीत. बसून कुणी खोटे लिहील असे हे आकडे नव्हेत." मग तक्त्यावरच्या धावण्याच्या वेळेवर बोट ठेवलं. "आणि या वेळा?"

त्या घड्याळावरच्या आहेत, खऱ्या आहेत, मी म्हणालो. म्हणजे जुलैपासून ठोका एकशे तीस आणि डिसेंबरपर्यंत मुलगी उलट जास्त जोरात पळतेय, असं त्या म्हणाल्या. तेव्हा हृदयाचा जोर होता. ठोका आधी बिघडला. मग त्यांचं बोट शहात्तरवर आलं आणि त्यांनी मान वर केली. मी कॅलेंडरकडं बघत होतो. त्यांनी पेन उचललं. मघाच्या केसपेपरवरच्या दोन ओळी आडव्या रेघेनं खोडल्या आणि पुण्याला फोन लावायला सांगितलं.

चारच्या फेरीला त्या वही हातात घेऊनच वॉर्डात आल्या. मी दाराशी उभा होतो, बिरू पोरीच्या उशाशी. बाईंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "इतकं नीट मोजायला कुणी शिकवलं तुला?"

"सरांनी," ती म्हणाली.

बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. बिरूनं बघितलं. या वहीमुळं पोरीला पुण्याला पाठवता येतंय, एवढं त्याला कळलं होतं. तो वॉर्डातनं चालत माझ्यापर्यंत आला आणि सगळ्यांदेखत त्यानं माझे पाय धरले.

तिचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. पुण्यात तिचं काम झालं. वर्षभर शाळा बुडाली, मग ती दहावी झाली. आता विट्याला असते, दोन पोरं आहेत, दिवाळीला फोन करते आणि प्रत्येक वेळी माझी तब्येत विचारते. मी ठीक आहे म्हणतो. पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचं, पाय धरल्यानंतरचं.

मी बिरूला उठवून बाहेर नेलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ऊन होतं. त्यानं बसल्या बसल्या फडकं सोडलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती, अर्धी माझ्या हातात दिली. वही त्याच्या मांडीवर होती. त्याला वाचता येत नव्हतं, पण आकड्यांच्या रांगा दिसत होत्या.

"गुरुजी, ह्या दोन रांगा कशापायी?"

"एक माझी आहे, एक तिची," मी म्हणालो.

"खरी कुठली?"

"तिची."

मला आणखी काही सांगायची गरज नव्हती. तरी मी सांगितलं. जुलैत ती बरोबर सांगत होती. मी तिचा हात धरला, ठोका मला जलद लागला, तरी शहात्तर लिहिलं. वरून तक्ता परत येऊ नये म्हणून आम्ही आकडा बसवतो. तिलाही तसंच लिहायला लावलं. आज दुपारी बाईंनी विचारलं तेव्हाही मी हो म्हणालो, आणि त्या 'हो'वरून तिला उद्या घरी पाठवणार होते. हे सगळं मी एका दमात, हजेरी घेतल्यासारखं सांगितलं. हातातली भाकरी तशीच होती.

बिरू ऐकत होता. तो मला मारेल असं वाटलं होतं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं चटणीचं फडकं बांधलं. मग सदऱ्याची बाही वर सारली आणि मनगट माझ्यापुढं केलं. द्राक्षाच्या कात्रीनं घट्टे पडलेला हात होता.

"माझं मोजा," तो म्हणाला. "बसवू नका."

मी भाकरी बाजूला ठेवली आणि तीन बोटं ठेवली. पंधरा सेकंद झाले, मी थांबलो नाही. तीस झाले. नोकरीच्या बावीस वर्षांत पहिल्यांदा मी एका माणसाचं पूर्ण मिनिट मोजलं. शेवटचा ठोका मोजला. मग परत सुरुवातीपासून मोजलं. पुन्हा तेच आलं.

"किती?"

"शहात्तर," मी म्हणालो.

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. रागानं नाही. बाजारात आपण अनोळखी माणसाकडं बघतो तसं बघितलं. खरंच शहात्तर आहे, मी दोनदा मोजलंय, असं मी म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं, मनगट माझ्या बोटांतून सोडवून घेतलं आणि आपल्याच दुसऱ्या हाताची बोटं त्यावर ठेवली. ती चुकीच्या जागी होती.

"कुठं ठेवत्यात ते तेवढं दावा," तो म्हणाला. "माझं मी मोजतो."

मी त्याची बोटं धरून अंगठ्याखाली नीट ठेवली आणि माझं घड्याळ काढून त्याच्यापुढं पायरीवर ठेवलं. काटा कुठून कुठवर जायचा ते दाखवलं. तो ओठ हलवत मोजायला लागला, आणि मी त्याचं मिनिट पूर्ण होईपर्यंत शेजारी बसून राहिलो.